संध्याकाळपर्यंतचे चार दिवस

मी सहसा कामापुरतं खोटं बोलते. चपात्या लाटता लाटता फोनवर "बाहेर आहे, नंतर करते" म्हणायचं, एवढंच. आयुष्यात एकदाच असं खोटं बोलले, की बोलून झाल्यावर आत कुठेतरी गार वाटलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. ते मी माझ्या सासूशी बोलले. कॅन्सरच्या स्कॅनवरून तिला घरी आणलं त्या दुपारी.

सासूला मी आत्या म्हणायचे. आमच्या साताऱ्याकडे तशीच रीत आहे, त्यात मायेचा काही संबंध नाही. लग्न होऊन मी आले ती थेट जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. सासरे रेल्वेत होते, नवरा रेल्वेत गार्ड. पुढे सासरे गेले, नवऱ्याने जयपूरमध्येच मुरलीपुऱ्यात घर बांधलं, पोरगी मोठी होऊन सासरी गेली, पण आत्या आणि मी मात्र तिथल्या तिथेच राहिलो, एकमेकींच्या समोर, एकतीस वर्षं. इतकी वर्षं मी माझ्या आईजवळसुद्धा राहिलेली नाही.

फेब्रुवारीत आत्यांच्या मानेवर डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. रेल्वेच्या डॉक्टरांनी एका खाजगी हॉस्पिटलात पाठवलं, तिथे गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. बायोप्सी. टाका एकच पडला होता, पण आत्या आठवडाभर मान वाकडी करून बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पट्टी दाखवत राहिल्या. पट्टी मी बदलायचे. "हळू की, भांडं घासतीयास व्हय?" असं रोज ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम थोडं जोरात पुसायचे.

रिपोर्ट वाईट आला. आत्यांना आम्ही सांगितलं की गाठीत पाणी झालंय. आता ते पाणी अंगात कुठे कुठे पोचलंय हे बघायला डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन करायचा होता. एप्रिलमधल्या एका मंगळवारची वेळ मिळाली.

त्याची तयारी आदल्या दिवसापासूनच. हॉस्पिटलवाल्यांनी हिंदीत छापलेला एक कागद दिला होता. साखर बंद, भात बंद, चपाती बंद, फळं बंद. पनीर चालेल, अंडं चालेल. जिने चढायचे नाहीत, झाडू मारायचा नाही, वजन उचलायचं नाही, हातापायांना ताण नको. नर्सने कारण सांगितलं होतं. सुईतून जे औषध देतात ते साखरेसारखंच असतं, ज्या स्नायूला काम पडतं तो ते ओढून घेतो, आणि मग फोटोत नुसता तो स्नायूच चमकतो. आजार लपतो. मी तो कागद फ्रीजवर चिकटवला आणि आत्यांना बिनसाखरेचा चहा दिला. त्यांनी तोंड असं केलं, की मी मीठच घातलंय.

त्याच सोमवारी संध्याकाळी माझी मुलगी आली. जावई फौजेत, त्याची बदली पार ईशान्येला झालेली. तिकडे जायच्या आधी ती चार रात्री आमच्याकडे राहणार होती आणि शुक्रवारी सकाळी निघणार होती. कडेवर पाच महिन्यांची पोर. आत्यांची पणती. आत्यांनी तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. फाटकाचा आवाज आला तशा त्या खुर्चीतून उठल्या, पदर सावरला आणि दोन्ही हात पुढे केले.

"वजन उचलायचं नाही," मी म्हणाले. कागदावर तसं खरंच लिहिलं होतं.

आत्यांनी हात तसेच ठेवले. "पोराचं कसलं आलंय वजन?"

"सात किलो आहे. उद्या फोटोत दंडच चमकतील."

त्या खाली बसल्या. पोरीकडे बघत म्हणाल्या, "बरं. उद्या मशीन झालं की आंघोळ करून घेती. पोटभर घेती. मग बघू मला कोण अडवतंय." पोरगी त्यांच्याकडे बघून हसली. पाच महिन्यांची पोरं कुणाकडेही बघून हसतात, पण आत्यांना ते आपल्यासाठीच वाटलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना त्या वयात जगात एवढं एकच हवं होतं. मला ते दिसत होतं.

मंगळवारी नवरा गाडीवर होता, बुधवारी संध्याकाळी येणार होता. मुलगी पोरीजवळ राहिली. आत्यांना घेऊन मी एकटीच गेले. तिथे बोटाला टोचून साखर बघितली, हातात सुई लावली, शिशाच्या डब्यातून आणलेलं औषध दिलं आणि त्यांना एका छोट्या खोलीत तासभर बसवलं. बोलायचं नाही, फोन नाही, नुसतं पाणी प्यायचं. दाराच्या काचेतून मी बघत होते. आत्या मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारख्या गप्प बसल्या होत्या. एकतीस वर्षांत त्यांना तासभर गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

स्कॅन झाला. त्या कपडे बदलायला आत गेल्या तेव्हा मशीनवरच्या माणसाने मला बाजूला घेतलं. "माताजी को आज शाम तक छोटे बच्चों से और प्रेग्नेंट लेडीज़ से दूर रखना. पानी ख़ूब पिलाना. बस. शाम के बाद सब नॉर्मल."

मी मान हलवली. त्याने अजून एक कागद दिला, तो मी पर्समध्ये टाकला. ऑटोत आत्या म्हणाल्या, "काय म्हनला त्यो भैया?"

सीकर रोडला ट्रॅफिक तुंबलेलं होतं. ऑटोच्या दोन्ही बाजूंनी गरम वारा येत होता. मी विचार वगैरे काही केला नाही. तोंड उघडलं आणि शब्द तयारच होते.

"तुमच्या अंगात किरण सोडलेत. चार दिवस लहान पोरांना शिवायचं नाही. वेगळं बसायचं."

"चार दिस?"

"चार दिवस."

हे चार दिवस माझ्या तोंडात कुठून आले, ते सांगायला हवं. क्वार्टरमध्ये असताना दर महिन्याला मी चार दिवस बाहेर बसायचे. खोल्या दोनच, म्हणून माझी जागा मागच्या व्हरांड्यात, पाण्याच्या ड्रमशेजारी. अंथरायला गोणपाट, जेवायला जर्मनचं ताट, पाणी वरून ओतणार. चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली की मी पुन्हा माणसांत. साताऱ्यात माझ्या आईने हे कधीच मोडीत काढलं होतं. आत्यांनी ते फलटणकडच्या आपल्या गावातून उचलून राजस्थानात आणलं आणि इमानेइतबारे पाळलं.

घरी आल्यावर पुढच्या खोलीत मी त्यांची सोय केली. त्या खोलीला स्वतःचं न्हाणीघर आहे आणि आतल्या बाजूला जाळीचं दार. चटई टाकली. ताट वेगळं काढलं, तांब्या वेगळा. यातलं काहीच करायची गरज नव्हती, त्या खोट्या चार दिवसांनाही नव्हती. किरण काही ताटाला लागत नाहीत. पण मी काढलं. पाणी द्यायला गेले तर आत्यांनी आपणहून ओंजळ पुढे केली. मी वरून ओतलं. जेवण झाल्यावर त्यांनी ताट स्वतः धुतलं आणि उंबऱ्याशी पालथं घातलं. सगळं त्यांना पाठ होतं. माझी ओळख मात्र फक्त व्हरांड्याच्या बाजूने होती, दाराच्या आतल्या बाजूने कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. छान वाटतं.

मुलगी म्हणाली, "मम्मी, चार दिवस? मतलब गोदीत पण नाही द्यायचं?"

"डॉक्टर म्हणालेत."

"इतके दिवस लागतात? मला वाटलं..."

"वय झालंय. अंगातून लवकर निघत नाही. तुला रिस्क घ्यायची असेल तर घे बाई."

तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं. फोनवर बघितलं असतं तर दोन मिनिटांत खरं कळलं असतं. पण घाबरलेली आई खात्री करत बसत नाही, ती फक्त लांब होते. हे मला माहीत होतं आणि मी त्याच्याच भरवशावर होते.

बुधवारी दुपारी आत्यांनी जाळीतून मला हाक मारली. आवाज लाडीगोडीचा, जो त्यांनी माझ्याशी कधी लावला नव्हता.

"अगं, नागडी करून दे की. उन्हाळा हाय, सर्दी व्हायची न्हाई. नागडं पोर चालतंय."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली.

माझी मुलगी अकरा महिन्यांची होती. जानेवारी होता, जयपूरचा जानेवारी, व्हरांड्यातल्या ड्रमचं पाणी हाताला झोंबायचं. मी बाहेर बसलेली आणि पोरगी अंगावर पिणारी. आत्यांचा नियम असा, की कपडा विटाळ धरतो, उघडं अंग धरत नाही. म्हणून दर वेळी पोरीला भूक लागली की आत्या तिचं स्वेटर काढायच्या, टोपरं काढायच्या, झबलं काढायच्या आणि नागडी करून गोणपाटावर माझ्यासमोर ठेवायच्या. मी तिला पदराखाली घ्यायचे. तिचं पिऊन होईपर्यंत आत्या दारात उभ्या. झालं की उचलून न्यायच्या, गरम पाण्याने पुसायच्या, पुन्हा कपडे. दिवसातून सहा-सात वेळा. मी पाया पडले होते. अक्षरशः, पण लांबून, कारण पायाला शिवायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी पोरीची छाती भरली. आठ दिवस दवाखान्यात, नाकात नळी. आत्या म्हणाल्या, थंडीत सगळ्याच पोरांना होतं. नवरा काहीच म्हणाला नाही, त्याला ड्यूटी होती.

ती पोरगी वाचली आणि आता आतल्या खोलीत स्वतःच्या पोरीला झोपवत होती. आणि ह्या बाईला तो जानेवारी आठवत नव्हता. तिला फक्त नियम आठवत होता, आणि त्यातली पळवाट.

"किरण कपडे बघत नाहीत आत्या," मी म्हणाले. "हाडापर्यंत जातात. पोरीचं काही वाईट झालं तर तुम्ही भरून देणार आहात का?"

त्यांचा चेहरा पडला. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे नेले, जणू हातच गुन्हेगार होते. "न्हाई गं बाई. नको. लांबनंच बघती."

त्यानंतर त्यांनी मागितलं नाही. उलट त्याच पहारा देऊ लागल्या. मुलगी पोरीला घेऊन जाळीजवळ आली की भिंतीपर्यंत मागे सरकायच्या आणि म्हणायच्या, "मागं घे, मागं घे, वारं हिकडनं तिकडं जातंय." मग भिंतीला टेकून टाळ्या वाजवायच्या, तोंडाने घोडा चालवायच्या. पोरगी खिदळायची. जाळीला हात लावला तर आत्या ओरडायच्या.

बुधवारी संध्याकाळी नवरा गाडीवरून आला. त्याने चार दिवसांचं ऐकलं, "बरं" म्हणाला आणि आंघोळीला गेला. लग्नात त्याने वचनं काय दिली होती मला आठवत नाही, पण "बरं" त्याने आयुष्यभर निभावलं.

गुरुवारी रिपोर्ट फोनवर आला. डॉक्टरांशी नवराच बोलला. यकृतात होतं, मणक्यात होतं, मांडीच्या हाडात होतं. केमो या वयात झेपणार नाही, काही महिने आहेत, दुखणार नाही एवढं बघा. नवरा जिन्यावर बसून रडला. मी त्याच्या शेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात स्वच्छ हिशोब चालला होता. पोरगी उद्या जाणार. ईशान्येहून वर्षभर येणार नाही. म्हणजे आत्यांना ती आज मिळाली तर मिळाली.

उठून जाळीचं दार उघडायचं, इतकंच करायचं होतं. डॉक्टरांचा फोन आला होता, आता चालेल म्हणाले, असं एक दुसरं खोटं पुरलं असतं. ते मला सुचलंही होतं. पण मी उठले नाही. रागापोटी नव्हे, राग बुधवारीच बराचसा ओसरला होता. मुलीने विचारलं असतं, मग चार दिवस कुणी सांगितलं? तिच्या तोंडावर जे आलं असतं ते मला बघायचं नव्हतं. मरणाऱ्या म्हातारीपेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली. मी वरणाला फोडणी द्यायला गेले.

शुक्रवारी सकाळी साडेसातला पुढच्या न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला. मुलीची टॅक्सी आठला येणार होती. मी चहा ठेवत होते. आत्या जाळीशी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरून आंघोळ केलेली, केस ओले, मानेवरची बायोप्सीची खूण लाल दिसत होती. लुगडं धुतलेलं, कपाळाला बुक्का. एवढ्या आजारात त्यांनी स्वतः बादली भरली होती.

"आज चौथा दिस," त्या म्हणाल्या. "डोईवरनं न्हाली मी. आता उघड."

त्या हसत होत्या. सुटी लागलेल्या मुलीसारख्या.

"हे ते नाही आत्या," मी म्हणाले. "हे आंघोळीने जात नाही. पुरे चार दिवस भरायला लागतात. उद्या सकाळी."

"उद्या?"

"उद्या."

"उद्या ती कुठं हाय?"

दूध उतू जात होतं, तिकडे वळले. आठ वाजता मुलगी जाळीबाहेरून पाया पडली. पोरीला उंच धरून दाखवलं. आत्या मागच्या भिंतीला टेकल्या होत्या, केसांतून पाणी गळून खांदे भिजले होते. त्यांनी हवेतच दोन्ही हातांनी पोरीची दृष्ट काढली आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. टॅक्सी गेली. नवरा स्टेशनवर सोडायला गेला. शनिवारी सकाळी मी जाळीचं दार उघडलं, आत्या बाहेर आल्या आणि नेहमीच्या खुर्चीत बसल्या.

मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. तेव्हा झाला नाही. मे महिन्यात आत्यांचं दुखणं वाढलं, जूनमध्ये त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं मी केलं, हागणंमुतणं काढलं, पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. लोक माझं कौतुक करायचे. मीही ते घ्यायचे.

एकच गोष्ट मला सहन होत नव्हती. कुणीही भेटायला आलं, की आत्या एकच गोष्ट सांगायच्या. समोरच्या घरातल्या मारवाडी बाईला हिंदीत, रेल्वेतल्या मराठी बायकांना मराठीत. "माझ्या अंगात मशीनचं विख सोडलं व्हतं. पणती दारात. मन लई वढ घ्यायचं. पन चार दिस शिवली न्हाई मी. पोरीच्या अंगाला लागू दिलं न्हाई." सांगताना त्यांचा आवाज खणखणीत व्हायचा. दुखणं विसरायच्या. आयुष्यात आपण केलेलं सगळ्यात मोठं काम ते, असं त्यांच्या तोंडावर असायचं. बायका डोळे पुसायच्या. रोज संध्याकाळी पाचला मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा त्या पोरीलाही तेच सांगायच्या. "तुला जपली बरं का मी."

जुलैतल्या एका दुपारी समोरची बाई ती गोष्ट ऐकून निघून गेली. मी आत्यांची नखं काढत होते. हात माझ्या हातात होता. मला वाटलं, आता पुरे. हे असंच चालू राहिलं तर मला वेड लागेल. आणि मी सांगून टाकलं. माफी मागितली, जानेवारीचंही बोलले, सगळं. बोलता बोलता मी रडले. छाती इतकी हलकी झाली, की मला वाटलं आता त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवतील.

आत्या छताकडे बघत म्हणाल्या, "किती वाजेस्तोवर सांगितलं व्हतं त्यानं?"

"संध्याकाळपर्यंत."

"त्याच दिशी?"

"हो."

त्यांनी हात माझ्या हातातून सोडवून घेतला. अंगठ्याने एकेक बोट मोजलं, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मोजून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. राग असता तर मला चाललं असतं.

"मग मी चार दिस काय जपलं गं?"

मी चादरीवर पडलेली नखं गोळा करू लागले.

"मी मेल्यावर सांगायचं हुतंस की, कुनालाबी," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगितलंस?"

पाच वाजता फोन वाजला. पडद्यावर पोरगी, दोन दात आलेले, फोनलाच चावायला धावत होती. मी फोन आत्यांकडे वळवायला गेले, तर त्यांनी हात आडवा धरला.

"निजलीया म्हन."

मी फोन माझ्याकडे फिरवला आणि मुलीला म्हणाले, आजी झोपल्यात. आत्या उघड्या डोळ्यांनी माझं तोंड बघत होत्या. त्यानंतर त्या अठरा दिवस जगल्या, आणि अठराही दिवस पाच वाजता मी तेच सांगितलं.